तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्याचं पोरगं, आपली जर्सी

कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाला थांबलो की कोण ना कोण विचारतंच, "काका, तुमची फुटबॉलची टीम खालच्या गटातली. मग मोठ्या तालमीची पोरं वर्षापुरती आणून कशाला खेळवतासा? आपल्या पेठेत पोरं न्हाईत काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मा राग असतो, निम्मी थट्टा. अर्ध्या कटिंगमध्ये हे उत्तर बसत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी हे घडतं कसं ते सांगतो. आपल्याकडं फुटबॉलचे संघही तालमींच्याच नावानं खेळतात. मोठ्या तालमीकडं एका जागेला तीन-तीन पोरं असतात. त्यातलं तिसरं अठरा-एकोणीस वर्षांचं, अंगात रग, पण सीझनभर बाकावर. आमच्याकडं त्या जागेला माणूसच नसतो. मग दोन जुनेजाणते कुठंतरी बसतात, शब्द होतो, आणि नोंदणीच्या वेळी पोरगं आमच्या नावावर येतं. सीझन संपला की परत आपल्या पेठेत. इंग्लंडात याला लोन म्हणतात. आपण "वर्षभर दिलाय" म्हणतो, जसा शेजाऱ्याला बैल द्यावा.

बाहेरचं पोरगं कोल्हापूरला नवीन नाही. गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, कुस्तीच्या तालमी गावोगावच्या पोरांनी भरलेल्या. पण तो पैलवान वर्षानुवर्षं त्या मातीत राबतो, वस्तादाचा होतो, आणि खासबागेत जिंकला की कोल्हापूरचा म्हणून जिंकतो. लोनवरचं पोरगं दहा महिन्यांचं पाहुणं. सगळी गोम तिथं आहे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही खालच्या गटातून वर जायच्या हिशेबानं एकाच मोठ्या तालमीची तीन पोरं आणली. पुढं गोल मारायला फॉरवर्ड, बचावात मधोमध स्टॉपर आणि डावीकडं लेफ्ट बॅक. फॉरवर्ड म्हणजे नुसता वारा. पहिल्या चार सामन्यांत त्याचे पाच गोल. पेठेतली बारकी पोरं त्याच्यासारखे केस कापायला लागली.

मग एका स्पर्धेत गाठ पडली त्याच्याच तालमीशी. शाहू स्टेडियमवर चारचा सामना, गॅलरी गच्च. त्याला खेळवायचं का, यावर आमच्यात एका मिनिटाचीसुद्धा चर्चा झाली नाही. पाच गोलवाला फॉरवर्ड बाहेर कोण बसवतो? उत्तरार्धात शून्य-शून्य असताना उजवीकडून बॉल आला, गोलकीपर पुढं येऊन फसला होता, समोर मोकळी जाळी. पोरानं घाई केली आणि बॉल बारवरून थेट गॅलरीत. क्षणभर शांतता. मग आमच्याच बाजूनं पहिला आवाज आला, "विकलं रं विकलं!" बघता बघता ती घोषणाच झाली. पलीकडच्या गॅलरीत त्याच्या गल्लीतली माणसं बसलेली, ती टाळ्या वाजवत होती. त्याच्यासाठी वाजवत होती की त्याच्यावर, हे त्यालाही कळलं नसेल.

सामना एक-शून्यनं गेला. त्याला मागच्या दारानं काढला, माझ्या स्प्लेंडरवर बसवला आणि नेहमीचा रस्ता सोडून रंकाळ्याच्या बाजूनं नेला. गाडी चालू असताना मागून म्हणाला, "काका, आईशप्पथ, मुद्दाम न्हाई केलं." मला माहीत होतं. पण मी लगेच काही बोललो नाही, कारण माझ्याही मनात एक सेकंद तो आवाज येऊन गेला होता. ते त्याला जाणवलं असणार. पुढचे तीन सामने तो खेळला, पण पायातला वारा गेला होता.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवर दिलेला खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरूच शकत नाही. पूर्वी मला हा नियम मोठ्या क्लबांची चैन वाटायचा. आपलंच हत्यार आपल्यावर नको, एवढाच. त्या संध्याकाळी कळलं, तो पोराच्या बचावासाठीही आहे. आपल्याकडं नियम नसला म्हणून काय झालं, आम्हाला अक्कल असायला पाहिजे होती.

पण म्हणून लोनच वाईट, असं मी म्हणणार नाही. मी इंग्लंडची दुसरी श्रेणी, म्हणजे चॅम्पियनशिप, बरीच वर्षं बघतोय. सुरुवात ब्लॅकबर्न रोव्हर्सपासून झाली, कारण 2010 साली तो क्लब आपल्या पुण्याच्या व्यंकीजनं घेतला. कोंबडीवाल्यांनी इंग्लंडात काय दिवे लावलेत बघू, म्हणून बसलो आणि अडकलो. 24 संघ, प्रत्येकाला 46 सामने, वर जायला तीन जागा. त्यामुळं तिथं सगळ्यांनाच उसनी पोरं लागतात. सामन्याच्या यादीत लोनवरचे पाचपेक्षा जास्त घेता येत नाहीत, नाहीतर अर्धी लीग वरच्या क्लबांच्या पोरांनीच भरली असती.

2020-21 ला याच ब्लॅकबर्नकडं लिव्हरपूलचा हार्वी एलियट आला. वय 17. लीगचे 41 सामने, 7 गोल, 11 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास. डाव्या पायावर बॉल आला की आपण खुर्चीत सरळ व्हायचो. सीझन संपला तेव्हा संघ पंधरावा. एलियट शिकून परत गेला, लिव्हरपूलचं काम झालं, ब्लॅकबर्न होतं तिथंच. त्याच वर्षी त्याच संघात अॅडम आर्मस्ट्राँगनं लीगमध्ये 28 गोल मारले. हा आर्मस्ट्राँगही मुळात न्यूकॅसलकडून लोनवरच आला होता, 2018 च्या जानेवारीत, संघ तिसऱ्या श्रेणीत असताना. पण त्या उन्हाळ्यात ब्लॅकबर्ननं त्याला विकत घेतला, तीन वर्षं वाढवला, आणि मग साउदॅम्प्टनला विकला. दोघंही उसने आले. एकाच्या नुसत्या आठवणी राहिल्या, दुसऱ्याचे पैसे आले.

खंडानं रान करणाऱ्याला हे सांगायला लागत नाही. खंडाच्या रानात आडसाली ऊस कोण लावत नाही, शेणखत तर कोण घालतच नाही. वर्षाचं पीक काढायचं आणि मोकळं व्हायचं. लोनमध्ये मात्र उलटं होतं. नांगरट आपली, खत आपलं, पाणी आपलं, आणि रान कसदार करून मालकाला परत. वर मालकाची अट, रोज पाणी पाजलंच पाहिजे. तिकडं काही करारांत पोरगं ठरल्याएवढे सामने खेळलं नाही तर जास्त पैसे द्यावे लागतात, काहींत जानेवारीत परत बोलावायची मुभा असते. आमच्याकडं कागद नसतो, पण तालमीतून फोन येतोच, "पोरगं बसवलंसा काय?"

याच चॅम्पियनशिपमधल्या डर्बी काउंटीचं 2018-19 मी विसरत नाही. फ्रँक लॅम्पार्डची प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी. चेल्सीकडून मेसन माउंट आणि टोमोरी, लिव्हरपूलकडून हॅरी विल्सन. तिघंही उसने, आणि तिघंच संघाचा कणा. 27 मे 2019 ला वेम्बलीवर प्ले-ऑफची, म्हणजे वर जायच्या तिसऱ्या जागेसाठीची फायनल, समोर अॅस्टन व्हिला. त्यांच्याकडंही उसनवारी काही कमी नव्हती. टॅमी अब्राहम चेल्सीचा, मिंग्ज बोर्नमथचा, पहिला गोल मारणारा एल गाझी फ्रान्सच्या लील क्लबचा. व्हिला 2-1 नं जिंकला, वर गेला, वरच्या श्रेणीचा पैसा आला, त्यांनी मिंग्ज आणि एल गाझी विकत घेतले. डर्बीची तिन्ही पोरं गेली, आणि जुलैत लॅम्पार्डही चेल्सीला गेला. पुढच्या वर्षी दहावा नंबर. नंतर त्या क्लबचं जे दिवाळं निघालं त्याचा दोष लोनला देता येणार नाही, ते हिशेब वेगळे. पण एका सामन्यावर अख्खा कणा टांगायचा हा जुगार आहे, आणि आम्हीही त्या वर्षी तोच खेळलो होतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी लीड्सनं ब्रायटनकडून बेन व्हाइट घेतला. सगळेच्या सगळे 46 सामने तो खेळला, लीड्स पहिला आला. पण त्यांचा यान्सन हा स्टॉपर त्याच उन्हाळ्यात विकला गेला होता. जागा खरोखर मोकळी होती, कुणाच्या ताटातलं काढून वाढलेलं नव्हतं.

ताटातलं काढायचं काम आम्ही केलं. त्या तिघांतल्या लेफ्ट बॅकविषयी अजून बोललोच नाही. पोरगं चांगलं होतं, तक्रार नाही. पण त्या जागेवर आमचं स्वतःचं सतरा वर्षांचं पोरगं होतं. बारा वर्षांचं असल्यापासून आमच्याकडं. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठलं तरी कडेनं पळायचं. डावा पाय बरा, डोकं त्याहून बरं, फक्त अंग भरलं नव्हतं. "यंदा बघ, पुढच्या वर्षी तूच," असं मी त्याला सांगितलं. सीझनभरात त्याला एका सामन्याची शेवटची बारा मिनिटं मिळाली, तीही आम्ही तीन-शून्यनं पुढं असताना. दर सामन्याला तो नडग्यांना पॅड बांधून बसायचा आणि शिट्टी झाली की तसेच कोरडे पॅड सोडायचा. सगळ्यांच्या पायाला चिखल, याचे मोजे पांढरे.

वर तर आम्ही गेलोच नाही. तिघं परत गेले. पुढच्या जूनमध्ये सरावाला हा आला नाही. दोन-तीन महिन्यांनी शिरोलीच्या रस्त्याला दिसला, फाउंड्रीत लागला होता. नखांत मोल्डिंगची काळी माती. मला बघून गाडी थांबवली, नमस्कार केला, म्हणाला, "काका, येतो की मॅच बघायला. सेकंड शिफ्ट असती, जमलं तर." बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. घरची गरज होती, तो कधीतरी कामाला लागणारच होता, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. पण एक पूर्ण सीझन खेळून लागला असता.

तेव्हापासून माझा हिशेब असा : उसनं पोरगं घ्यायचं, बिनधास्त घ्यायचं, पण अकरात दोनच्या वर नाही, एका तालमीकडून एकच, आणि त्याच्या मूळ तालमीशी सामना असला की तो आमच्यात बसून चहा पिणार. आणि ज्या जागेवर आमचं पोरगं वर्ष-दोन वर्षांत उभं राहील असं दिसतंय, ती जागा कितीही गोल खाल्ले तरी उसनी भरायची नाही. कमिटीत यावरून मला अजून शिव्या बसतात. गेल्या वर्षी डावीकडून गोल खाऊन आम्ही दोन सामने घालवले, त्याचा हिशेब एकानं वहीत लिहून ठेवलाय.

परवाच एका मोठ्या तालमीतून फोन आला. "एक पोरगं हाय, एकोणीसचं, घ्या की. पैशाचं काय न्हाई."

"खेळतंय कुठं?"

"लेफ्ट बॅक."

म्हटलं, "लेफ्ट बॅक नको. स्टॉपर असला तर सांगा."

आमच्या लेफ्ट बॅकला या महिन्यात सोळावं संपतंय. अंग अजून भरलेलं नाही.