पाटणादेवीच्या ओंडक्याखाली

पावसाळ्यात चाळीसगावहून पाटणादेवीला येणारी मंडळी केदारकुंडाचा धबधबा नाहीतर पितळखोऱ्याची लेणी गाठायच्या घाईत असतात. काही जण भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शके ११२८ चा शिलालेख इथला म्हणून येतात. मी आले होते कुजक्या लाकडांसाठी. घरच्यांनी कारण विचारणं केव्हाच सोडलंय.

पायवाटेलगत एक जुना ओंडका पडला होता. साल बोटानं सुटेल इतकी भिजलेली. ती अलगद उचलली तर आत चपटी, काळपट अळी. पाठीवर आडव्या पट्ट्या, प्रत्येकीच्या कडा दोन्ही बाजूंना जरा बाहेर आलेल्या. जाळीदार पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली, म्हणजे लायसिडीतली. प्रौढ भुंगेरे लाल-नारिंगी, कडवट. पंखांवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. पाखरं त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

सोबतच्या मैत्रिणीला ती काजव्याची अळी वाटली. दोन्ही कुळं जवळची, त्यामुळे वाटणारच. पण काजव्याच्या अळीचे जबडे विळ्यासारखे आत वळलेले आणि आतून पोकळ असतात. गोगलगायीला ते टोचून ती विष सोडते. इथे भिंगातून पाहिलं तर डोकं अगदी इवलंसं, निम्मं मानेत ओढून घेतलेलं. दोन्ही बाजूंना एकेकच साधा डोळा, शिंगं आखूड, दोनच पेरांची. आणि जबडे? टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली! समोरासमोर येतच नाहीत, मग चावणार काय? प्रत्येक जबडा लांबीत दुभंगलेला असतो आणि मधल्या फटीची पन्हळ होते. एवढं बारीक मात्र माझ्या भिंगाला दिसलं नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच हवा. कुजत्या लाकडातला बुरशीचा, जिवाणूंचा रस या पन्हळीतून ओढायचा. या अळ्यांना बरीच वर्षं शिकारी समजत असत. हे तोंड बघून मला तरी ते कधी पटलं नसतं.

चालताना तिची खरी मदार पोटाच्या टोकावर. सहा पाय आखूड, प्रत्येकाला एकच नखी. शेवटचा, दहावा खंड ती लाकडाला टेकवते, चिकटवते आणि अंग पुढे रेटते.

याच कुळात ट्रायलोबाइट बीटल म्हणून प्रसिद्ध असलेल्या आग्नेय आशियातल्या माद्या आहेत. वयात आल्या तरी रूप अळीचंच, पंख कधी फुटतच नाहीत. नर मात्र छोटा, पंखवाला. त्यामुळे या 'अळ्या' कोणाच्या हे कोडंच होतं. १९२५ साली एरिक म्योबर्ग या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञानं ते सोडवलं. आमची अळी त्यातली नव्हे, तिला कोशात जाऊन पंख मिळायचेत.

एवढ्यात गुरं घेऊन चाललेले एक काका थांबले. "हाई काय शे, ताई?"

सांगितलं. ते वाकून बघत राहिले, मग मुद्द्याचं विचारलं, "कपाशी खास का हाई?"

"कपाशी नाही खात काका, तिला चावताच येत नाही. लाकडाचं पाणी पिते फक्त."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गुरांमागे गेले.

अभयारण्य आहे, इथून काही उचलायचं नसतं. फोटो घेतले, साल होती तशी बसवली आणि पुढच्या ओंडक्याकडे निघालो. केदारकुंड राहिलं ते राहिलंच.