ओतण्याआधीचे रेझिनकाम

इपॉक्सी रेझिनमध्ये वस्तू घडवताना प्रत्यक्ष ओतण्याचे काम काही मिनिटांत संपते. मधासारखा दाट, पारदर्शक द्रव साच्यात पसरतो, त्यात एखादे फूल किंवा सोनेरी वर्खाचा कपटा स्थिरावतो आणि दुसऱ्या दिवशी एक चकाकती वस्तू हातात येते. या कलेची जी चित्रे आणि चित्रफिती आपण पाहतो, त्या बहुधा याच काही मिनिटांच्या असतात. माझे मत असे आहे की वस्तूचे बरेवाईट त्याच्या पुष्कळ आधी ठरलेले असते. एकदा घट्ट झालेले रेझिन पुन्हा वितळवता येत नाही. आत अडकलेला धुळीचा कण, ओलसर राहिलेली पाकळी किंवा चुकलेले प्रमाण यांपैकी काहीही नंतर दुरुस्त होत नाही आणि वस्तू पारदर्शक असल्यामुळे झाकताही येत नाही. म्हणून या लेखात मी ओतण्यापूर्वीच्या कामाविषयीच अधिक लिहिणार आहे.

रेझिन दोन बाटल्यांत येते. एकीत मूळ रेझिन असते आणि दुसरीत ते घट्ट करणारे हार्डनर. रेझिनच्या रेणूंच्या टोकांशी दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून झालेले तीन अणूंचे ताणलेले कडे असते. हार्डनरमधील अमाइन नावाचे नायट्रोजनयुक्त संयुग हे कडे उघडते आणि तेथेच कायमचे जोडले जाते. असे जोड चहूबाजूंनी होत गेले की सगळा द्रव एका सलग जाळ्यात बदलतो. भिंतीचा रंग वाळताना त्यातील पाणी किंवा द्रावक उडून जाते. रेझिन मात्र अशा प्रकारे वाळत नाही, त्याचे दोन्ही घटक घन वस्तूचा भाग बनतात. हे ध्यानात घेतले की प्रमाणाला इतके महत्त्व का आहे ते समजते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडे जास्त घालण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु जोडीदार न मिळालेले जास्तीचे अमाइन तसेच आत राहते आणि वस्तू मऊ किंवा चिकट राहते. रेझिन जास्त झाले तरी परिणाम तोच.

प्रमाण मोजताना आणखी एक बारकावा आहे. उत्पादकाने दिलेले प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, हे वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. रेझिनची घनता हार्डनरपेक्षा जास्त असते. समजा, रेझिनची घनता दर मिलिलिटरला १.१५ ग्रॅम आणि हार्डनरची ०.९७ ग्रॅम असेल, तर आकारमानाने २:१ असलेले मिश्रण वजनाने १०० ग्रॅमला सुमारे ४२ ग्रॅम असे येते. तेथे कोणी काट्यावर ५० ग्रॅम घातले, तर हार्डनर जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त होते. लहान दागिन्यांसाठी एकूण मिश्रणच १०-१५ ग्रॅमचे असते, त्यामुळे ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा मी या कामातील पहिली आवश्यक वस्तू मानते. साचे, रंग, चमचमती भुकटी हे सारे नंतर घेता येते.

मिसळण्याचे कामही संथपणे करायचे असते. तीन ते पाच मिनिटे काडी हळूहळू फिरवावी आणि पेल्याच्या कडा व तळ पुन्हा पुन्हा खरवडावा. सुरुवातीला मिश्रणात तेलासारख्या रेघा दिसतात. त्या पूर्ण नाहीशा झाल्यावर ते दुसऱ्या स्वच्छ पेल्यात काढून नव्या काडीने पुन्हा ढवळावे. पहिल्या पेल्याच्या कडेला चिकटलेले अर्धवट मिश्रण साच्यात गेले, तर तेवढाच भाग कधीच घट्ट होत नाही. एरवी चांगल्या झालेल्या वस्तूच्या पृष्ठभागावर मधेच चिकट डाग दिसतात, त्यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आता फुलांकडे वळते, कारण माझे मन या कामात सर्वाधिक तेथेच रमते. ताजे फूल रेझिनमध्ये घालू नये. पाकळीत राहिलेले पाणी रेझिनच्या उष्णतेने वाफेच्या रूपात बाहेर पडू पाहते, फुलाभोवती बुडबुडे आणि धुरकट वलय तयार होते आणि काही आठवड्यांत पाकळी तपकिरी पडते. सपाट फुले टिपकागदात ठेवून जड पुस्तकांखाली दाबावीत आणि कागद मधूनमधून बदलावा. गुलाबासारख्या भरीव फुलांचा आकार टिकवायचा असेल, तर त्यांना सिलिका जेलच्या बारीक खड्यांत पूर्ण पुरून डबा घट्ट बंद करावा. साधारण आठवडाभरात ती वाळतात. वरची पाकळी कुरकुरीत लागली तरी देठ आणि मधला गाभा ओलसर असू शकतो, म्हणून पारख नेहमी गाभ्यावरून करावी. घाई करायचीच असेल, तर ती दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर करावी, येथे नव्हे.

रंगांचेही स्वभाव निरनिराळे असतात. झेंडूसारख्या फुलांचा पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो आणि तो बऱ्यापैकी टिकतो. लाल, जांभळ्या आणि निळ्या फुलांतील रंग बहुधा अँथोसायनिनचे असतात. ही द्रव्ये प्रकाशाने फिकी पडतात आणि आम्ल-अल्कतेनुसार छटा बदलतात. हार्डनर अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या संपर्कात त्यांचा रंग ढळू शकतो. अशा फुलांवर आधी सीलंटचा, म्हणजे छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू देणे हिताचे असते. एखाद्याने जपलेली फुले जडवायची असतील, तर त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर प्रयोग करून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

यातच एक सुंदर भौतिकशास्त्र दडलेले आहे. पातळ पांढरी पाकळी रेझिनमध्ये गेली की जवळजवळ अदृश्य होते. वाळलेल्या पाकळीत असंख्य हवेचे कप्पे असतात आणि हवा व पेशीभित्तिका यांच्या सीमेवर प्रकाश विखुरला गेल्याने ती आपल्याला पांढरी, अपारदर्शक दिसते. रेझिन त्या कप्प्यांत शिरले की चित्र बदलते, कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती वळतो याचे माप, सुमारे १.५५ असतो आणि वनस्पतींच्या तंतूंचाही त्याच्या आसपासच असतो. प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो. कागदावरील छायाचित्राचेही असेच होते. तेलाचा डाग पडल्यासारखे ते पारभासक बनते आणि मागचा मजकूर पुढे दिसू लागतो. छायाचित्राच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना पारदर्शक सुकणाऱ्या गोंदाचे दोन-तीन हात दिले की रेझिन आत झिरपत नाही. पांढऱ्या पाकळ्यांसाठी मी मागे गडद रंगाचा थर ओतते. पाकळी थोडी पारदर्शक झाली, तरी तिच्या शिरा त्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात, आणि मला तर हा परिणाम मूळ फुलापेक्षाही अधिक आवडतो.

बुडबुड्यांविषयी पुष्कळ उपाय सांगितले जातात, परंतु त्यांतील बहुतेक उपाय बुडबुडे झाल्यानंतरचे असतात. थंड रेझिन दाट असते आणि त्यातील हवा वर येऊ शकत नाही. रेझिनची बंद बाटली दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की द्रव पातळ होतो आणि अर्धे काम होते. मात्र उष्णतेने रासायनिक क्रियाही वेगवान होते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि हाताशी असलेला वेळ तेवढाच कमी होतो. बाटलीच्या बाहेरील पाणी नीट पुसून मगच झाकण उघडावे. लाकूड, शिंपले, वाळलेली फुले अशा सच्छिद्र वस्तूंवर आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे त्यांच्यातील हवा मुख्य ओतकामाआधीच निघून जाते. यानंतर पृष्ठभागावर उरलेल्या बुडबुड्यांवरून गरम हवा फेकणारी हीट गन किंवा छोटी ज्योत क्षणभर फिरवणे पुरेसे असते. ज्योत सिलिकॉनच्या साच्यावर रेंगाळू देऊ नये आणि अल्कोहोल असलेली शाई वापरली असेल तर ज्योत जवळही नेऊ नये.

साच्याच्या खोलीचा विचारही आधीच करावा लागतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. पातळ थरातील उष्णता निघून जाते, पण खोल साच्यात किंवा पेल्यात साठलेल्या मोठ्या मिश्रणात ती अडकते, तिच्यामुळे क्रिया आणखी वेगवान होते आणि शेवटी रेझिन पिवळे पडते, तडकते किंवा धूर सोडू लागते. त्यामुळे साधे रेझिन सुमारे एक सेंटिमीटरच्या थरांतच ओतावे आणि जाड वस्तूंसाठी सावकाश घट्ट होणारे, खोल ओतकामाचे रेझिन घ्यावे. थर देण्याने दुसरा लाभही होतो: हलकी फुले वर तरंगत येतात, ती पहिल्या थरात अडकवून ठेवता येतात. खालचा थर बोटाला चिकट लागेल पण सुटून येणार नाही, अशा अवस्थेत वरचा ओतला, तर दोन्ही रासायनिक रीतीने जोडले जातात. खालचा थर पूर्ण घट्ट झाला असेल, तर पॉलिश पेपरने खरखरीत करून, पुसून मगच पुढचा थर द्यावा.

साच्यासाठी सिलिकॉनच उत्तम, कारण रेझिन त्याला चिकटत नाही. साच्याची आतील बाजू जशी असेल तसाच वस्तूचा पृष्ठभाग येतो. चकचकीत साच्यातून चकचकीत आणि मंद साच्यातून मंद. स्वतः साचा तयार करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात आले की घट्टच होत नाही आणि काही प्रकारच्या मूर्तिकामाच्या मातीत गंधक असते.

दागिन्यांत रेझिनचा हलकेपणा फार उपयोगी पडतो. त्याची घनता काचेच्या निम्म्याहून कमी असते, त्यामुळे मोठ्या आकाराचे कानातलेही कानाच्या पाळीला जड होत नाहीत. धातूच्या उथळ कोंदणात थेंबाथेंबाने रेझिन भरत गेले की पृष्ठताणामुळे ते कडेशी थांबते आणि मधे घुमटासारखा फुगवटा येतो. तो भिंगाचे काम करतो आणि आतील बारीक फूल किंचित मोठे दिसते. अतिनील प्रकाशात काही मिनिटांत घट्ट होणारे यूव्ही रेझिन अशा छोट्या कामांना सोयीचे असते. ते पातळ थरांतच वापरावे आणि त्यात गडद, अपारदर्शक रंग घालू नये. प्रकाश आतपर्यंत पोहोचला नाही तर वरचे कवच कडक आणि आतला भाग ओला राहतो. लोलकाला भोक पाडायचे ते वस्तू पूर्ण पक्व झाल्यावर, हातड्रिलने, सावकाश. कडा घासताना पॉलिश पेपर नेहमी पाण्यात भिजवून वापरावा, ४०० पासून २००० क्रमांकापर्यंत एकही पायरी न गाळता जावे आणि तरीही तोंडावर मास्क असावा.

ओतीव दागिन्यांची ही परंपरा इपॉक्सीहून जुनी आहे. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट हे कृत्रिम प्लास्टिक तयार केले आणि १९३० च्या दशकात त्याच कुळातील ओतीव फिनॉलिक प्लास्टिकच्या रंगीत बांगड्या आणि ब्रोच लोकप्रिय झाले. त्यांतील कित्येक पांढऱ्या वस्तू आज पिवळ्या पडलेल्या आढळतात. इपॉक्सी त्याच दशकात पुढे आले. स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्टान कवळीसाठी योग्य पदार्थ शोधत होते, त्या कामातून त्याची एक वाट निघाली. इपॉक्सीलाही पिवळेपणा चुकलेला नाही. अतिनील प्रतिबंधक मिसळलेले रेझिन त्याला विलंब लावते, पण कायमचे रोखत नाही. म्हणून पांढऱ्या किंवा पूर्ण पारदर्शक वस्तू उन्हाच्या खिडकीत टांगण्यासाठी मी बनवत नाही. तेथे निळे, हिरवे, अंबरी रंग वापरते.

सुरक्षिततेविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण सुंदर वस्तूंच्या चित्रांत उघडे हात फार दिसतात. पूर्ण घट्ट न झालेले रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले की शरीर त्यांच्याविषयी संवेदनशील बनू शकते, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे थोड्याशा संपर्कानेही पुरळ उठते. नाइट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या, हवेशीर खोली आणि सेंद्रिय वाफा रोखणारा मास्क यांना पर्याय नाही. त्वचेवर थेंब पडलाच, तर ॲसिटोन किंवा अल्कोहोल लावू नये, त्याने रेझिन त्वचेत अधिक खोल जाते. साबण आणि पाण्याने धुवावे. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते घट्ट होऊ द्यावे आणि मगच टाकावे. मी ओतण्यास बसण्यापूर्वी दोन-तीन लहान साचे बाजूला तयार ठेवते, म्हणजे उरलेल्या रेझिनचे मणी किंवा किल्लीची अडकवणी होतात.

भेट देताना वस्तूबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्यावी. या छंदासाठी मिळणारी बहुतेक रेझिने ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, त्यामुळे उकळत्या चहाचा पेला ठेवला की तबकडीवर ठसा उमटतो आणि बंद गाडीत उन्हात राहिलेली पट्टी वाकते. वस्तू स्पर्शाला एका दिवसात कडक झाली, तरी पूर्ण पक्व होण्यास साधारण आठवडा लागतो. तोपर्यंत ती कागदात गुंडाळून कोणाच्या हाती देऊ नये. खाद्यपदार्थांसाठी ती वापरू नये, हेही स्पष्ट लिहावे.

रेझिन पुन्हा वितळत नाही आणि कुजतही नाही, त्यामुळे कोणती वस्तू त्यात जडवण्याजोगी आहे हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते. एखाद्या समारंभातील हार किंवा कोणी अखेरच्या भेटीत दिलेले फूल यांसाठी हा पदार्थ मला योग्य वाटतो. अशी फुले कोणी माझ्याकडे सोपवली की त्यांतील निम्मीच मी साच्यात घालते. उरलेली सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवते आणि पहिली वस्तू पूर्ण पक्व होऊन धन्याला पसंत पडेपर्यंत त्या डब्याला हात लावत नाही.