आमची वाटचाल : ठोकळ्यांचे माप आणि मुलांचे वय

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमचा कारखाना मुळात दारे-खिडक्यांच्या चौकटींचा. उरलेल्या सागाच्या तुकड्यांचे मुलांसाठी ठोकळे करावेत, ही कल्पना आम्हांला सुचलेली नाही. ती पंचवटीतील एका बालवाडीच्या बाईंची. त्यांना नुसते गुळगुळीत तुकडे नको होते. अमेरिकेत कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या मापाचे ठोकळे त्यांना हवे होते : साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. पहिला घाणा आमच्या मिस्त्रींनी अभिमानाने त्यांच्यापुढे मांडला, तेव्हा बाईंनी दोन ठोकळे आडवे लावले, त्यांवर तिसरा उभा ठेवून बोट फिरवले आणि जिथे बोट अडखळले तो ठोकळा न बोलता बाजूला काढला.

तेव्हापासून मिस्त्रींचा काटकोन तपासायचा जुना लोखंडी गुण्या आमच्याकडे शेवटचा शब्द आहे. प्रत्येक ठोकळा गुण्याला लावून खिडकीसमोर धरायचा. मधून उजेड दिसला की तो बाद. करवतीच्या टेबलावर लांबीची अटक, म्हणजे पट्टीचे टोक टेकवायचा अडसर, घट्ट बसवलेली असते, कारण पाते स्वतःची जाडी खातेच आणि अकरा इंचांच्या पट्टीतून साडेपाचाचे दोन तुकडे कधीच निघत नाहीत. पुढे सागाऐवजी केरळचे रबराचे लाकूड घेऊ लागलो. ते फिकट असते, तासायला सोपे असते, पण बुरशीपासून संरक्षणाची प्रक्रिया करून नीट वाळवलेलेच घ्यावे लागते. त्यानंतरची काही वर्षे बरी गेली, एवढेच पुरे.

मग शहरातील एका व्यापाऱ्याने, जो आधी आमच्याचकडून माल नेत असे, स्वतःचा संच बाजारात आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘वय १ ते १०’. दर आमच्या निम्म्याहून कमी. संस्थाचालकांना दर दिसतो, लाकूड दिसत नाही. आमच्या जुन्या शाळा एकेक करून तिकडे गेल्या. तो माल आंब्याच्या ओल्या लाकडाचा होता. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, त्यामुळे पावसाळ्यात कापलेला ओला ठोकळा नाशिकच्या कोरड्या फाल्गुनात पोहोचेपर्यंत दोन रुंदी मिळून एक लांबी होईनाशी होते आणि मुलाने बांधलेला पूल एका अंगाला सूतभर खचतो. मूल मात्र समजते की आपल्यालाच जमत नाही. ह्याचा राग आम्हांला दर पडल्यापेक्षा अधिक आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्यातच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नियम योग्यच होता, पण मागणी शून्यावर असताना चाचण्यांचा खर्च आला. थिकनेसर, म्हणजे लाकूड एकसारख्या जाडीला तासणारे यंत्र, विकायला काढला होता. गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेले होते. त्याच आठवड्यात बाईंनी, स्वतःची बालवाडी बंद असताना, पुढील वर्षाच्या संचाची पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली आणि पाहिजे तेव्हा द्या, असे कळवले. यंत्र राहिले.

आता कोणत्या वयाला कोणते ठोकळे द्यावेत, हे कोणी विचारलेले नसले तरी सांगतो. एक-दीड वर्षाच्या मुलाला दोन इंची हलके घन पुरेत. ते बांधत नाही, उचलते, चाखते आणि पाडते, म्हणून रंग नको आणि कडा मारून गोलसर केलेल्या हव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी, तुकडा घशात अडकण्याइतका लहान आहे का हे पाहायला, चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. पाऊण इंची घन तीत गडप होतो, एक इंची घन कर्णामुळे अडतो. त्या ‘१ ते १०’ खोक्यात पाऊण इंची घनही भरलेले होते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल करते, मग चारी बाजू बंद करून आवार करते. तेव्हा कमानी-त्रिकोणांचा पसारा न वाढवता एकाच मापाचे ठोकळे भरपूर द्यावेत. चारच्या पुढे दुपटीचे आणि चौपटीचे लांब ठोकळे द्यावेत, कारण चौपट लांब ठोकळे संपले तर त्यांच्या जागी दुसरे काय लावता येईल, हे मूल आता स्वतः शोधते. कमानी आणि खांब पाच-सहाला, जेव्हा गोदाघाट, देऊळ, स्टेशन असे नाव ठेवून बांधले जाते. सात-आठला पातळ फळ्या. पालक नेमके उलटे करतात : दोन वर्षांच्या मुलाला शंभर तुकड्यांचा संच आणि सात वर्षांच्याला ‘आता मोठा झालास’ म्हणून काहीच नाही.

आम्ही एकच खोका सर्वांना विकत नाही, त्यामुळे दुकानदार आमच्यावर नाराज असतात. ती नाराजी आम्हांला परवडते. आमचे माप पहिल्या घाण्यापासून बदललेले नाही, म्हणून हरवलेला एकेक ठोकळाही मिळतो आणि जुन्या संचात बसतो. बाईंच्या बालवाडीतून दर जूनमध्ये तशी यादी येते, बहुधा छोट्या त्रिकोणांची. जुन्या सागाच्या संचासाठी सागाचाच तुकडा हवा असल्यास मात्र आधी कळवावे, साग आता मागणीनुसारच आणतो.