तुम्ही विचारलेत म्हणून: क्रिबमधून पलंगावर केव्हा?

मुलाला क्रिबमधून, म्हणजे चारी बाजूंनी उंच कठडा असलेल्या बाळाच्या खाटेतून, काढून पलंगावर केव्हा निजवायचे, हे मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारते, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरातले मूल दीड-दोन वर्षांचे असते. माझे उत्तर त्यांना आळशीपणाचे वाटते: जमेल तितके लांबवा. मूल आत सुखाने झोपत असेल आणि कठड्यावर चढत नसेल, तर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबल्याने काहीही बिघडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला ‘इथेच थांब’ हे कळते, पण अंधारात, जाग आलेली असताना, ते पाळण्याइतका संयम त्याच्या अंगी नसतो; आजवर ते काम कठडा करत आलेला असतो.

मात्र उंची 89 सेंटिमीटरच्या आसपास गेली, किंवा गादी सर्वांत खालच्या पातळीवर ठेवूनही कठडा उभ्या मुलाच्या छातीपाशीच संपू लागला, की थांबणे धोक्याचे ठरते. माझ्या मुलीच्या बाबतीत हा निर्णय एका कापडी हत्तीने केला. सव्वादोन वर्षांची असताना एका दुपारी तिने त्याला कोपऱ्यात दाबून बसवले, त्याच्या पाठीवर पाय दिला, आणि मी दारात पोहोचले तेव्हा ती कठड्यावर आडवी पडून बाहेर सोडलेल्या पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपडत होती. जमीन अजून दोन फूट खाली होती. त्या रात्री गादी जमिनीवर आली.

पलंग कोणता घ्यावा यावर लोक फार वेळ घालवतात. माझ्या मते तो ठेंगणा असला की पुरे. सुटा कठडा लावायचाच असेल तर गादी हाताने दाबून मध्ये फट पडत नाही ना ते पाहावे, आणि दोन वर्षांखालील मुलासाठी तो वापरूच नये, कारण त्या फटीत मूल अडकू शकते. खरे लक्ष खोलीकडे हवे, कारण त्या रात्रीपासून सबंध खोली हीच क्रिब होते. मी जमिनीवर गुडघ्यांवर रांगत खोली पाहिली, तेव्हा खणांचे कपाट प्रथमच जिन्यासारखे दिसले: खालचे खण ओढून मूल त्यांवर चढले, की कपाट पुढे झुकून अंगावर येते. ते भिंतीला पक्के केले, पडद्यांच्या दोऱ्या वर गुंडाळल्या, खिडकीपासून गादी दूर सरकवली.

धाकट्यासाठी क्रिब रिकामी हवी म्हणून हे करणार असाल, तर बाळ येण्याच्या निदान दोन महिने आधी करा, नाहीतर बाळ आल्यावर काही महिने जाऊ द्या. ऐन वेळी केले तर थोरल्याला आपली जागा हिसकावली गेली असेच वाटते, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. आजारपणात किंवा प्रवासाच्या तोंडावर तर हे काढूच नये.

उरल्या रात्री. पहिल्या रात्री ती अकरा वेळा उठून बाहेर आली. दर वेळी हात धरून परत न्यायचे, ‘झोपायची वेळ झाली’ एवढेच म्हणायचे, दिवा लावायचा नाही, रागवायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. तिसऱ्या रात्री ती चारदाच आली, आणि चौथ्या रात्री मी कंटाळून तिला एक गोष्ट सांगितली. ही माझी चूक मला पुढच्या तीन रात्री पुरली, कारण ती गोष्टीसाठीच उठू लागली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नवव्या की दहाव्या रात्री ती उठली नाही. सकाळी मात्र आतून हाक आली, “आई, मी उठू?” कोणीही अडवलेले नव्हते, दार उघडे होते, तरी ती गादीवर मांडी घालून बसली होती. दोन-तीन आठवडे ती रोज असेच विचारत राहिली. आता साडेपाचला माझ्या कपाळावर बोट टोचून तीच मला उठवते.