तुम्ही विचारलंत म्हणून: कागदाची कानातली भिजली तर?

उरलेल्या लग्नपत्रिका आणि नक्षीदार कागदांचे तुकडे यांची मी कानातली करते. हातात घेतल्यावर जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अगं, पण कागदाची आहेत ना? पावसात भिजली तर?" प्रश्न रास्त आहे. चार थेंब पडले तर काही होत नाही, रुमालाने टिपून घ्या. आंघोळीला मात्र काढून ठेवा. पण मला धास्ती पाण्याची नाही, खोबरेल तेलाची आहे, आणि तेलाबद्दल कोणीच विचारत नाही.

कागदात शिरलेलं थोडं पाणी वाळून जातं. तेल तिथेच राहतं, डाग काळपट होत जातो आणि तो काढायचा उपाय मला तरी सापडलेला नाही. केसांना तेल चोपडून वेणी घातली की कानाजवळचं तेल नेमकं कानातल्याच्या कडेला लागतं. पुढून-मागून व्हार्निश असलं तरी जिथे कात्री फिरली तिथे कागदाचे तंतू उघडे पडलेले असतात आणि ते तेल ओढून घेतात. म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कडेवर. चकती कापली की कड बारीक पॉलिश पेपरने घासायची, पातळ केलेला पांढरा डिंक बोटाने तिच्यात जिरवायचा, वाळला की परत घासायची, परत जिरवायचा. बोट फिरवल्यावर कड लाकडासारखी टणक लागली की मगच व्हार्निश. तेही पातळ हातांनी, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते वाळता वाळत नाही, कागदही ओल धरून वाकतो, म्हणून चकतीसाठी कागदाचे तीन थर एकावर एक चिकटवायचं काम मी उन्हाळ्यातच उरकून ठेवते.

कागद चिकटवण्याआधी त्याचा कल बघावा लागतो. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. तिन्ही थर एकाच दिशेने लावले तर वाळताना चकती पन्हाळीसारखी वळते. मधला थर आडवा लावून रात्रभर वजनाखाली ठेवला की ती सपाट राहते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मला मधल्या थरासाठी फार आवडतो, चिवट असतो. वरून प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा चढवलेल्या पत्रिका मी घेतच नाही, त्यांच्यावर डिंक धरत नाही. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या कागदाचा कोपरा ओल्या बोटाने चोळून बघते. शाई सुटली तर तो कागद बाजूला.

पत्रिकेवरचं गणपतीचं चित्र मी कापत नाही. ते अख्खं काढून वेगळं ठेवते. हळदकुंकू लावलेला कोपराही वापरत नाही, कारण हळद उजेडाने उडते आणि साबणाचा हात लागला तर लाल होते.

"टिकतील का?" असं विचारणाऱ्यांना मी सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे तिथले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, बघायला सांगते. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे एकशेवीस गोल पानं, हाताने रंगवून लाखेने पक्की केलेली. मागे पडत चाललेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात पुन्हा उभी केली. ती पानं पिसायची, वाटायची, घामेजल्या हातात धरायची असतात. कानातल्याला इतका त्रास कुठे आहे! काश्मीरची पेपर माशीसुद्धा कागदाचा लगदा आणि वरचं रोगण, एवढ्यावरच उभी आहे. नीट बांधलेला आणि नीट झाकलेला कागद नाजूक नसतो, एवढं मी खात्रीने सांगते.

आणि कागदच का, तर वजनासाठी. तीन सेंटिमीटर व्यासाची चकती, ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) कागदाचे तीन थर, असा हिशेब केला तर एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. डिंक, व्हार्निश, हुक आणि तो चकतीला जोडणारी तारेची कडी धरून दोन ग्रॅमच्या आत. जड झुब्यांनी कानाची पाळी ओघळते. तो भार केसांवर घ्यायला आपल्याकडे वेल आले. ज्यांची भोकं ओढून लांब झाली आहेत अशा कितीतरी मावश्या-काकवा कानात काही घालणंच सोडून देतात. त्यांच्यापैकी कोणी माझं मोठं, रंगीत कानातलं दिवसभर घालून "कानात आहे हेच विसरले" म्हणते, तेव्हा मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशाने होत नाही. हुक मी स्टीलचे किंवा चांदीचे लावते. निकेलने पुष्कळांचे कान चिघळतात, आणि तिथे पैसे वाचवणं मला पटत नाही.

वापरायचं कसं, तेही सांगते. अत्तर किंवा स्प्रे आधी मारा, तो वाळला की मग कानातली घाला. स्प्रेमधल्या अल्कोहोलने व्हार्निश चिकट होतं. तेल लावलेल्या दिवशी घालू नका. ठेवताना झाकणाचा डबा बरा, बाथरूममधलं कपाट नको. कडी कधी सैल झाली तर तिची तोंडं एकमेकांपासून ओढू नका, एक पुढे आणि एक मागे अशी पिळा, म्हणजे तिचा गोल बिघडत नाही.

ज्या "आमच्या लग्नाच्या पत्रिकेची करून देशील का?" विचारतात त्यांना: हो, आनंदाने. फक्त एक नको, तीन-चार पत्रिका द्या. उरलेल्या असतातच घरात. नक्षीतला मोर बहुतेक वेळा एकाच बाजूला तोंड करून असतो, आणि दोन्ही कानांसाठी समोरासमोर बघणारे मोर जुळवायचे तर मला निवडायला कागद हवा.