आमची वाटचाल : आधी मीटर, मग पाना

सोलापुरात गॅरेजना तोटा नाही. जुना पुणे नाका घ्या, होटगी रोड घ्या, अक्कलकोट रोडची एमआयडीसी घ्या, चार दुकानं ओलांडली की एक मिस्त्री भेटतोच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा हात चांगला आहे. अशा गावात आमचं दुकान गाडी खोलत नाही, आधी नुसती तपासतं, आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे घेतं. हा धंदा इथं चालेल यावर सुरुवातीला आमच्या घरातल्यांचाही विश्वास नव्हता.

वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून चालू ठेवणारे कारागीर होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, म्हणून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हाताखाली लागलो आणि पुढे स्वतःचं डायनामो-सेल्फचं दुकान टाकलं. अल्टरनेटरचे कार्बन, सेल्फचे बुश, हॉर्न, हेडलाइट, हेच काम. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्बोरेटर मागे पडला आणि इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या वाढल्या. मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची झाली. जुने मिस्त्री त्या गाड्यांना लांबूनच हात जोडायचे. कार्बोरेटर उघडून जेटमध्ये फुंकर मारली की गाडी सुरू व्हायची, इथं फुंकर मारायची कुठं?

वायरिंगचा माणूस म्हणून अशा गाड्या आपोआप माझ्याकडे ढकलल्या गेल्या. इंजिनातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण करंट कळत होता. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हा काही चमत्कार नव्हे. त्याला बॅटरीचा पुरेसा पुरवठा लागतो, पक्कं अर्थिंग लागतं आणि सेन्सरकडून खरा आकडा लागतो. यातलं एक जरी बिघडलं तरी तो चुकीचा निर्णय घेतो, आणि लोक त्यालाच दोष देतात.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. पहिला घेतला तो पतसंस्थेच्या कर्जावर. तारण काय दाखवायचं हाच मोठा घोळ झाला. लेथ मशीन साहेबांना दाखवता येतं, त्यावर हात ठेवता येतो. सुटकेसमधलं यंत्र आणि दर वर्षी पैसे भरून नवं करून घ्यायचं सॉफ्टवेअर, हे कागदावर मांडायचं कसं? शेवटी घराचे कागद ठेवले. पण वेळ बरी साधली. २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरावीक पद्धत, सक्तीचं झालं. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट, आणि निदान इंजिनाच्या बिघाडाचे मुख्य कोड तरी सगळ्या कंपन्यांचे सारखे. त्याआधी कंपनीगणिक वेगळी भाषा होती.

स्कॅनर आला आणि त्याच्याबरोबर एक गैरसमजही आला. लोकांना वाटतं, यंत्र लावलं की ते बिघाड सांगतं. यंत्र फक्त तक्रार सांगतं. आता तर हजार-दीड हजाराचं ब्लूटूथचं खेळणं आणि मोबाईलवरचं ॲप घेऊन कुणीही कोड काढतो. ऑटोमॅटिक गाडीत हमखास 'पी०७००' हा कोड दिसतो आणि लगेच निकाल लागतो, "गिअरबॉक्स गेला." त्या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचं आहे, त्याला जाऊन विचारा. साधं ॲप तिथपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही. खरा कोड आत असतो, आणि तो वाचला तरी कामाची फक्त सुरुवात होते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे आम्ही पैसे कशाचे घेतो ते कळेल. बार्शीकडून एक डिझेल गाडी टोचन करून आली होती. चालता चालता बंद पडलेली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण धरत नव्हतं. स्कॅनरवर कोडची रांग होती. ॲक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर (डिझेलचा दाब), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब), सगळ्यांचीच तक्रार. आधीच्या ठिकाणी दोन सेन्सर नवे टाकून झाले होते आणि आता ईसीएम बदला असं सांगण्यात आलं होतं. मालक सोबत होते, शेतकरी माणूस, चेहरा उतरलेला.

एकाच दिवशी इतके सेन्सर मरत नाहीत. मेलेच तर त्यांच्यात समान काय आहे ते शोधायचं. ईसीएम बॅटरीच्या बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट तयार करतो आणि ते सेन्सरना पुरवतो. बऱ्याच गाड्यांत एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर तीन-चार सेन्सर बसलेले असतात. पेडलच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडणीत, मागून पिन घालून मीटर लावला, पाचच्या जागी पाऊण व्होल्ट. म्हणजे लाइन कुठंतरी अर्थिंगला टेकत होती. मग वायरिंगचा नकाशा समोर ठेवून त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढत गेलो. मॅप काढला, पाऊणच. रेल प्रेशर काढला, पाऊणच. एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर काढला आणि मीटरवर ५.०२ उभं राहिलं. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात गाडी सुरू.

"एसी तर बंदच होता ओ, एसीनं इंजिन कसं काय बंद पडेल?" मालकांचा प्रश्न रास्त होता. एसी बंद असला तरी त्याच्या सेन्सरला पुरवठा चालूच असतो. तो आतून शॉर्ट झाला आणि शेजाऱ्यांनाही घेऊन बुडाला. ईसीएम ठणठणीत होता, आणि आधी बदललेले दोन सेन्सरसुद्धा.

अशा कामात नवा पार्ट म्हणावा तर एक छोटा सेन्सर, आणि कित्येकदा तोही नाही, नुसता एखादा अर्थिंगचा बोल्ट. मग गिऱ्हाईक म्हणतं, "काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?" डॉक्टरच्या फीचा दाखला आम्ही देऊन पाहिला. उत्तर आलं, "डॉक्टर गोळ्या तरी देतो की." घासाघीस करून माणूस थकतो आणि संबंधही बिघडतात. मग आम्ही दोन नियम केले. बोनेट उघडायच्या आधी फी सांगायची. आणि गाडी परत देताना एक लेखी कागद द्यायचा, मराठीत. तक्रार काय होती, कुठल्या पिनवर किती व्होल्ट मिळाले, किती मिळायला हवे होते, काय ठीक आहे, काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही. या शेवटच्या ओळीनं आमचा धंदा उभा राहिला. "गिअरबॉक्स उतरवू नये" असं लिहून सही करणारं दुकान लोकांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या कागदामुळे मिस्त्री मंडळीही जवळ आली. आधी त्यांना भीती होती की गाडी आमच्याकडे पाठवली की गिऱ्हाईक गेलं. आम्ही स्पष्ट ठेवलं, ज्यानं गाडी पाठवली त्याच्याकडेच ती परत जाईल, काम तोच करेल, कमिशन आम्ही देणार नाही आणि घेणारही नाही. कमिशनवरून काही जण रुसले, अजूनही रुसलेले आहेत. पण आज आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्या दुसऱ्या गॅरेजांतून येतात. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या मिस्त्रींचे फोन आमचा तेलुगू बोलणारा पोरगा घेतो, इंडी-विजयपूरकडचे दुसरा घेतो, तो अक्कलकोट तालुक्यातला, कन्नड घरात बोलणारा.

ऑटोमॅटिकचं वळण आलं २०१४ मध्ये. सेलेरिओ एएमटी आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. एएमटी म्हणजे मुळात आपला साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं हलणारं यंत्र. हे लोकांना माहीत नसतं. तुळजापूरच्या घाटात गाड्यांची रांग थांबली की ब्रेकऐवजी हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात, आणि आत क्लच प्लेट झिजत राहते. मिस्त्री नवी प्लेट टाकतो, पण कॉम्प्युटरच्या डोक्यात जुन्या, झिजलेल्या प्लेटचाच हिशेब असतो. गाडी झटके देते, कधी गिअरच घेत नाही. स्कॅनरवरून नव्या क्लचचं लर्निंग करून द्यावं लागतं. हे काम दिसायला किरकोळ, पण दुकानाचं भाडं आणि पगार बराच काळ यावरच निघाले.

टॉर्क कन्व्हर्टरवाले, म्हणजे साध्या क्लच प्लेटऐवजी ऑइलमार्फत इंजिनाची ताकद घेणारे गिअरबॉक्स वेगळे. सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावर. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करणारी मुंबई-पुण्याची मंडळी मोठ्या ऑटोमॅटिक गाड्या घेऊन येतात. गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाडामुळे जपून चालायच्या अवस्थेत गेली, तिसऱ्या गिअरमध्ये अडकली, की घरातली सगळी माणसं रस्त्याकडेला उभी. पुण्याला फ्लॅटबेडवर न्यायची तर अडीचशे किलोमीटर. तिथं आधी फोनवर दोन गोष्टी विचारतो. नवीन बॅटरी कधी टाकली, आणि गिअरबॉक्सचं ऑइल अलीकडे कुणी बदललं का. आमच्या अनुभवात इथंच बऱ्याच गाड्यांचं उत्तर सापडतं. बॅटरी कमजोर असेल किंवा बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल, तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर घाबरून सोलेनॉइडचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे, कोड टाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यात मीटर धरून सेल्फ मारायचा. पाव व्होल्टच्या आत आलं तर ठीक. एक-दीड व्होल्ट आला तर आधी ती पट्टी साफ करायची, गिअरबॉक्सला हात लावायचा नाही.

ऑइलची गोष्ट मात्र खास सोलापूरची. आताच्या पुष्कळ गिअरबॉक्सना ऑइल बघायची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, खालचा लेव्हलचा बोल्ट काढायचा आणि जादा ऑइल थेंब थेंब गळेपर्यंत वाट बघायची. पण त्या वेळी ऑइलचं तापमान कंपनीनं ठरवून दिलेल्या मर्यादेत हवं, आणि अनेक गिअरबॉक्सना ती मर्यादा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. तापलेलं ऑइल फुगतं. जास्त गरम असताना बोल्ट काढला तर गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. मग डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, वळणावर गिअर सुटल्यासारखा होतो.

आता आपला मे महिना बघा. दुपारी पारा ४२-४३ वर. सावलीत उभ्या असलेल्या गाडीचं ऑइलच चाळिशीला टेकलेलं, इंजिन सुरू करून आर-एन-डी असे गिअर फिरवेपर्यंत मर्यादा ओलांडलेली. पुण्या-मुंबईच्या मिस्त्रीला हा प्रश्न इतका छळत नसेल. आम्ही मार्च ते जून हे काम सकाळी सहाला करतो. गाडी रात्रीच आणून ठेवायची, पहाटे कुणी हलवायची नाही, स्कॅनरवर ऑइलचं तापमान लावून ठेवायचं आणि आकडा मर्यादेत आला की लगेच बोल्ट काढायचा. "ऑइलच बघायचंय ना, त्यासाठी गाडी मुक्कामाला?" असं विचारणारे भेटतात. त्यांना आकडे दाखवले की पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचं काम आम्ही घेत नाही.

दुसरं आपलं दुखणं म्हणजे बोअरचं पाणी. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्याच एका कप्प्यातून थंड होऊन येतं. कूलंटऐवजी क्षाराचं पाणी भरत राहिलं की तो कप्पा आतून खातो, आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल गुलाबीसर, दुधाळ दिसतं. आतल्या क्लचच्या अस्तराचा डिंक पाण्यानं सुटतो. असं ऑइल दिसलं की आम्ही मीटर बाजूला ठेवतो, कागदावर स्पष्ट लिहितो आणि ओव्हरहॉल करणाऱ्याकडे पाठवतो. ओव्हरहॉलिंग आम्ही मुद्दाम ठेवलेलं नाही. ज्याला गिअरबॉक्स खोलून चार पैसे जास्त मिळणार आहेत, त्यानं "खोलू नका" असं सांगितलेलं लोकांनी का मानावं?

लॉकडाउननंतर काही महिने उंदरांचे होते. महिनोन्‌महिने उभ्या गाड्या, कुरतडलेली वायरिंग, मेलेल्या बॅटऱ्या. त्याच काळात ईसीएम दुरुस्तीचं टेबल लावलं. सूक्ष्मदर्शक, हॉट एअर, बेंचवर ईसीएमला पुरवठा देऊन बोलता करायची व्यवस्था. पण 'ईसीएम खराब' म्हणून येणाऱ्यांतले बरेचसे ईसीएम चांगलेच निघतात. जे खरोखर गेलेले असतात त्यांच्यामागे बहुधा दोन कारणं, बॅटरीच्या तारा न काढता केलेलं वेल्डिंग, नाहीतर वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून मारलेलं प्रेशरचं पाणी. भंगारातून दुसरा ईसीएम आणून लावला तरी गाडी सुरू होत नाही, कारण चावीचा इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी कुलूप, जुन्या ईसीएमशी बांधलेला असतो. तो डेटा जुन्यातून काढून नव्यात टाकावा लागतो. गाडीचे कागद आणि मालक समोर असल्याशिवाय ते काम आम्ही करत नाही, मग ओळख कुणाचीही सांगा.

२०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर, जादा सेन्सर, एक्झॉस्टच्या तापमानाचे आकडे, असा पसारा वाढला. आता हायब्रीड गाड्याही दारात येतात. त्यांचं बारा व्होल्टचं काम आम्ही करतो. मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी तारांना अजून हात लावत नाही. त्याचं प्रशिक्षण दोन्ही पोरांचं पुरं होऊ द्या, योग्य ते हातमोजे आणि अवजारं येऊ द्या, मग बघू.

आमच्याकडे गाडी आणणार असाल तर बॅटरीची तार काढून आणू नका आणि कुणाकडून कोड उडवूनही आणू नका. कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचं तापमान, व्होल्टेज काय होतं हे कॉम्प्युटरनं जपून ठेवलेलं असतं, कोड पुसला की तेही जातं. मे महिन्यात गिअर ऑइलचं काम असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा. आणि गाडीवर आधी कुणी काय काम केलंय ते सगळं सांगा, म्युझिक सिस्टीम बसवली असेल तर तीसुद्धा.