एका टक्क्यात तीन किलोमीटर

विजेवर चालणारी गाडी घेऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात ती शहराबाहेर म्हणावी अशी कधी गेलीच नव्हती. रात्री घरी चार्जिंगला लावायची आणि सकाळी काढायची, एवढाच तिचा माझा व्यवहार. गेल्या महिन्यात मात्र एका बाजूने ६२० किलोमीटरचा प्रवास चौघांनी सामानासह तिच्यातूनच करायचा असे घरात ठरले आणि आईने पहिलाच प्रश्न विचारला, "मध्येच चार्जिंग संपलं तर रे?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मी तीन आठवडे घालवले. त्यांतले पहिले दोन वाया गेले, कारण मी माहितीपत्रकातल्या रेंजच्या, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराच्या, आकड्यामागे लागलो होतो.

माझ्या गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी ऊर्जा ४५ किलोवॅट-तास, म्हणजे बोलीभाषेत ४५ युनिट आहे आणि तिची रेंज ३४० किलोमीटर सांगितलेली आहे. हा आकडा खोटा नाही. शहरात तेवढे अंतर मिळतेही, आणि फसगत नेमकी त्यामुळेच होते. हा आकडा गाड्यांची रेंज मोजण्याच्या ज्या डब्ल्यूएलटीपी नावाच्या प्रमाणित चाचणीतून येतो, तिच्यात गाडी प्रयोगशाळेतल्या फिरत्या रोलरवर अर्ध्या तासात २३.२५ किलोमीटर चालवली जाते, म्हणजे सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर पडतो. महामार्गावर या वेगाने कोणी जात नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून १०० वर गेल्यास वेग सव्वापट होत असला तरी हवेला कापण्यासाठी दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते. पण तिच्या इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन वायाच जात असल्याने हा फरक आपल्या लक्षात येत नाही, शिवाय पंप जागोजागी असतात.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी कागद बाजूला ठेवून एक रंगीत तालीम केली आणि पहिल्यांदा निघणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असे मी आग्रहाने सांगेन. चौघांना बसवून, सामानाच्या बॅगा भरून आणि एसी लावून मी महामार्गावर ७० किलोमीटर गेलो आणि त्याच रस्त्याने परत आलो. परत येणे महत्त्वाचे असते, कारण जाताना वारा पाठीशी असेल किंवा रस्ता नकळत उताराचा असेल, तर येताना त्याची बरीचशी भरपाई होते. ताशी ९० च्या आसपास ठेवलेल्या वेगाने १४० किलोमीटरना बॅटरीचे ४६ टक्के गेले, म्हणजे एका टक्क्यात तीन किलोमीटर. पुढचे सगळे नियोजन मी याच एका आकड्यावर केले. गाडीच्या पडद्यावर दिसणारी उरलेली रेंज आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असते; शहरातून निघताना ती उदार असते आणि घाटात एकदम कंजूष होते. त्यामुळे प्रवासात मी तो आकडा झाकूनच टाकला आणि फक्त टक्के दिसतील अशी सोय केली.

एसीबद्दल दोन शब्द येथेच सांगतो, कारण घरोघरी यावरून वाद होतात. एकदा आतली हवा गार झाली की एसीला साधारण एक किलोवॅट लागतो, तर ताशी ९० ने जाताना माझ्या गाडीला एकूण तेरा-साडेतेरा किलोवॅट लागतात. घरच्यांना उकडत बसवून जे वाचते, त्याहून जास्त वेग दहा-पंधराने कमी केल्यावर वाचते. कडाक्याच्या थंडीत हिशेब वेगळा असतो: तेथे हीटर बराच जास्त खातो आणि गारठलेली बॅटरी वेगाने चार्जही होत नाही, म्हणून आसनांची ऊब देणारी सोय असल्यास ती आधी वापरावी आणि गाडीत बॅटरी आधी तापवण्याची व्यवस्था असल्यास चार्जिंगचे ठिकाण गाडीच्याच नकाशात घालून निघावे.

थांबे ठरवताना मी एकच नियम पाळला. ठरवलेल्या चार्जरपाशी पोहोचताना बॅटरीत एवढे उरले पाहिजे की, तो बंद निघाला तर पुढच्या किंवा मागच्या चार्जरपर्यंत जाता येईल आणि तेथे पोहोचल्यावरही किमान पाच टक्के शिल्लक राहतील. त्यामुळे प्रत्येक थांब्याला एक जोडीदार हवा आणि तो शक्यतो दुसऱ्या कंपनीचा हवा, कारण एखाद्या कंपनीची संगणक व्यवस्था कोलमडली तर तिचे सगळेच चार्जर एकदम गप्प होऊ शकतात. चार्जर कोठे आहेत हे दाखवणाऱ्या प्लगशेअरसारख्या अ‍ॅपवर ठिकाण शोधताना मी तारे बघत नाही. तेथे शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले एवढेच बघतो. काल कोणीतरी चार्ज करून गेले असेल तर ठीक. दीड महिन्यात कोणी नोंद केलेली नसेल, तर ते ठिकाण माझ्या यादीत जोडीदार म्हणूनही येत नाही. आपल्या गाडीला चालणारी गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा जोड, तेथे आहे का, हे तर अर्थातच पाहावे, कारण सीसीएस-२, चाडेमो आणि इतर प्रकार एकमेकांत बसत नाहीत. मशीनवरचे किलोवॅटही नीट वाचावेत. ६० किलोवॅटच्या मशीनला दोन गन असल्या, तर दुसरी गाडी येताच अनेकदा ते ३०-३० असे वाटले जातात. उलट, माझी गाडी ५० किलोवॅटपेक्षा जास्त घेतच नसल्याने १२० च्या मशीनसाठी वाट वाकडी करण्यात मला काहीच लाभ नव्हता. अ‍ॅपमधली नोंदणी आणि पैसे भरण्याचे काम घरी वाय-फायवर बसून करावे. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसताना ओटीपीची वाट पाहणे हा अनुभव मी एकदा घेतला आहे.

आम्ही पहाटे साडेपाचला १०० टक्क्यांवर निघालो. पहिला थांबा १८५ किलोमीटरवर होता आणि तेथे ३८ टक्के उरतील असा अंदाज होता, ३९ उरले. मशीनवर एक गाडी लागलेली होती आणि तिचा आकडा ८३ दाखवत होता. शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला मी विचारले, तर तो म्हणाला, "काका, शंभर करूनच निघतो. पुढचं काही सांगता येत नाही." त्याचे भय मला समजत होते, म्हणून मी वाद घातला नाही आणि घड्याळ बघत बसलो. ८३ वरून ९५ वर जायला त्या गाडीला पंचवीस मिनिटे लागली. नंतर आमची गाडी लावली, ती अर्ध्या तासात ३९ वरून ८० वर गेली. बॅटरीतल्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) त्याच्या वरच्या मर्यादेपाशी आला की विद्युतप्रवाह कमी करत न्यावा लागतो, त्यामुळे शेवटचे वीस टक्के भरणे म्हणजे काठोकाठ भरत आलेल्या घागरीत थेंबथेंब पाणी सोडण्यासारखे असते. लांबच्या प्रवासात वेळ वाचतो तो ८० ला गन काढून पुढे निघण्यात, आणि मागे उभ्या असलेल्याचाही वाचतो. पुढचा टप्पाच तसा लांब असेल तर गोष्ट वेगळी. त्या तरुणाचा पुढचा चार्जर ६० किलोमीटरवर होता.

दुसऱ्या टप्प्यात १५० किलोमीटर होते आणि त्यांत चौदा किलोमीटरचा, सुमारे ६०० मीटर चढाचा घाट होता. चढाचा हिशेब शाळेतल्या सूत्राने करता येतो: माणसांसह १९०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर उचलायला सुमारे ३.१ युनिट लागतात, म्हणजे माझ्या बॅटरीचे सात टक्के, आणि मोटारीतली घट धरून आठ. त्यात चौदा किलोमीटर चालण्याचे चार मिळवले की बारा. प्रत्यक्षात घाटाने बाराच घेतले. मला फसवले ते सपाटीवरच्या समोरून येणाऱ्या वाऱ्याने. २३ टक्क्यांवर पोहोचायचे होते, ते १७ वर पोहोचलो.

आणि तेथे दोन मशीन होती. एकाचा पडदा काळा होता. दुसऱ्याने गन स्वीकारली, आत काहीतरी खटकन वाजले, गाडीच्या पडद्यावर 'तयारी सुरू' असे आले आणि मिनिटभराने 'संपर्क तुटला' असे दिसू लागले. हे तीनदा झाले. मदत क्रमांकावरच्या माणसाने सौजन्याने दुरून मशीन पुन्हा सुरू केले आणि चौथ्यांदाही तेच झाले. या खटपटीत पस्तीस मिनिटे गेली. आता वाटते की, दोन प्रयत्न आणि एक फोन यानंतर निघायला हवे होते. तेथे उभे राहून टक्के वाढत नाहीत. मागच्या आसनावरून आई काही बोलली नाही, पण तिने बाटलीचे झाकण ज्या पद्धतीने लावले ते मला आरशात दिसले.

जोडीदार चार्जर पुढे २६ किलोमीटरवर होता. नेहमीच्या हिशेबाने त्याला नऊ टक्के लागणार होते. मी वेग ताशी ६० वर आणला आणि सातच गेले. १० टक्क्यांवर आम्ही एका जुन्या, २५ किलोवॅटच्या मशीनपाशी पोहोचलो. ते सावकाश पण बिनतक्रार चालू होते आणि ५५ टक्के व्हायला पन्नास मिनिटे लागली. घरून आणलेले डबे तेथेच उघडले. मूळ आराखड्यात ती वेळ जेवणाची नव्हती, पण चार्जिंगच्या आणि पोटाच्या वेळा जुळवून घ्यायची तयारी असली की निम्मी चिडचिड कमी होते. १०० किलोमीटरवर आणखी एक थांबा घेतला, चाळीस मिनिटांत ८० केले आणि संध्याकाळी पावणेसहाला मुक्कामी पोहोचलो तेव्हा २७ टक्के शिल्लक होते. एकूण सव्वाबारा तास लागले. पेट्रोलच्या गाडीने हाच प्रवास दहा तासांत झाला असता हे मान्य करून टाकतो.

मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून मी आधीच विचारले होते आणि 'पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आहे' असे उत्तर मिळाले होते. ती सोय म्हणजे खांबावरचे एक साधे सॉकेट निघाले. अशा सॉकेटातून तीन किलोवॅटच्या आसपास मिळतात, त्यामुळे २७ वरून पूर्ण चार्ज व्हायला अकरा-बारा तास लागतात. रात्रभराचा मुक्काम असेल तर तेही पुरते. पण आमचा पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला, कारण सॉकेटला अर्थिंग नव्हते. तेथल्या इलेक्ट्रिशियनने दुसरे सॉकेट दाखवले. ते चालले, तरी अर्ध्या तासाने मी जाऊन प्लगला हात लावून पाहिला, तर चांगला गरम लागला. म्हणून गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रवाह १६ अँपिअरवरून १० वर आणला आणि मगच झोपलो. बारीक वायरचे किंवा गुंडाळलेले एक्स्टेन्शन यासाठी कधीही वापरू नये. आरक्षण करताना सॉकेटचा फोटो मागवावा आणि अर्थिंग आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना बॅटरी ४६ वरून ४९ झाली. चढताना बारा घेऊन उतरताना तीनच परत, हे ऐकून घरात हसू झाले, पण उतरायलाही चौदा किलोमीटर चालावे लागतेच. खरा फायदा ब्रेकचा असतो: मोटारच जनित्र होऊन गाडी अडवते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. मोटारीतून पहिला लांबचा प्रवास करणाऱ्या बर्था बेंझ यांना १८८८ च्या ऑगस्टमध्ये इंधन औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले होते आणि झिजलेल्या ब्रेकना चांभाराकडून चामडे लावून घ्यावे लागले होते. एक सावधगिरी मात्र हवी. बॅटरी भरलेली असेल तर परत आलेली ऊर्जा ठेवायला तिच्यात जागा नसते आणि गाडी अडवण्याचा हा जोर कमी होतो, म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी सकाळी ९० टक्क्यांच्या आतच गन काढावी.

परतताना त्या दोन मशीनच्या ठिकाणी मी गेलोच नाही. जोडीदाराला मुख्य केले आणि दुसऱ्याच एका ठिकाणाला त्याचा जोडीदार केले. पण मुख्य केलेल्या ठिकाणीही पडद्यावर दोषाचा संदेश होता. या वेळी फोनवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, खालचं लाल बटण आत दबलेलं आहे का बघा." आपत्कालीन थांब्याचे ते बटण कोणीतरी दाबून तसेच सोडून गेले होते. त्यांच्या परवानगीने ते बाणाच्या दिशेने फिरवले, ते टकदिशी बाहेर आले आणि दोन मिनिटांत चार्जिंग सुरू झाले. तेव्हापासून मशीनपाशी गेलो की मी आधी त्या बटणाकडे बघतो आणि मग पडद्याकडे.